वॉर्डातलं क्लिनिक, एक फॉर्म आणि भरीत पार्टी: सहकारी शिक्षकांच्या फीडबॅकचं एक प्रकरण

हे प्रकरण खान्देशातल्या एका मेडिकल कॉलेजातलं आहे. कॉलेजचं नाव देत नाही, माणसांची नावं देत नाही, पेशंटचे तपशीलही ओळखू येणार नाहीत इतके बदललेत. मी फार्मॅकॉलॉजीची, आणि तेव्हा कॉलेजच्या मेडिकल एज्युकेशन युनिटचं काम बघत होते. म्हणजे यात जे बिघडलं त्यातलं निम्मं तरी माझ्या हातून बिघडलंय, हे आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला सीबीएमई, म्हणजे कॉम्पिटन्सी बेस्ड मेडिकल एज्युकेशन आलं. मुलाला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येतं ते बघा, असा एकूण सूर. शिक्षकांनी पण बदलायला हवं म्हणून तीन दिवसांचा बेसिक कोर्स असतो, तो केल्याशिवाय प्रमोशन होत नाही, त्यामुळे सगळे करतात. तीन दिवस ग्रुप डिस्कशन, चार्ट पेपर, स्केचपेन, शेवटच्या दिवशी मायक्रोटीचिंग (सहकाऱ्यांसमोर काही मिनिटं शिकवून दाखवणं), सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. आणि मग सोमवारी माणूस परत आपल्या लेक्चर हॉलमध्ये जातो आणि शुक्रवारी शिकवत होता तसंच शिकवतो. कारण त्याला शिकवताना परत कोणी बघतच नाही. ऑपरेशन करताना चार जण बघतात, ओपीडीत सिस्टर बघतात, पण शिकवणं हे एकच काम असं की दार लावून वीस वर्षं केलं तरी एक सहकारी आत येऊन मागच्या बाकावर बसत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की शिक्षकांनीच एकमेकांचा एक तास बघायचा आणि फीडबॅक द्यायचा. पहिल्या फेरीत सोळा शिक्षक. फॉर्म मी तयार केला, दहा मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी मार्क: आवाज, फळ्याचा वापर, विद्यार्थ्यांचा सहभाग, वेळेचं नियोजन वगैरे. खाली 'शेरा' म्हणून दोन ओळी. जोड्या प्रत्येक डिपार्टमेंटच्या एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी लावायच्या. फॉर्म भरून माझ्याकडे, एक झेरॉक्स डिपार्टमेंटच्या फाईलला, कारण इन्स्पेक्शनला पुरावा लागतो.

आज हा परिच्छेद वाचताना मला त्यात किमान चार चुका दिसतात. तेव्हा एकही दिसली नव्हती.

अडचण, पहिला भाग: सगळं गोड

सोळातले पंधरा फॉर्म आले ते नऊ आणि दहा मार्कांचे. 'सरांनी अतिशय सुंदर शिकवले.' 'मॅडमचे विषयावर प्रभुत्व आहे.' एकाने तर आवाजाला दहापैकी दहा दिले होते, आणि मला माहीत आहे की त्या सरांचं तिसऱ्या बाकाच्या मागे काही ऐकू येत नाही. लोकांना दोष देत नाही मी. आपल्याकडे सीनिअरला समोर बसवून 'सर, तुमचं हे चुकलं' म्हणायची पद्धत नाही, त्यात तोच सीनिअर उद्या तुमच्या रजेच्या अर्जावर सही करणार, थिसिसला गाईड असणार, परीक्षेला इंटर्नल एक्झामिनर असणार. शिवाय कागद फाईलला लागणार म्हटल्यावर माणूस लग्नाच्या अहेरासारखा फॉर्म भरतो, आज मी तुम्हाला जेवढं दिलं तेवढं उद्या तुम्ही मला द्याल.

सोळावा फॉर्म वेगळा होता.

अडचण, दुसरा भाग: सोळावा फॉर्म

मेडिसिनमधले एक असोसिएट प्रोफेसर, त्यांना इथे फक्त सर म्हणते. निदान पक्कं, पेशंट लांबून त्यांचं नाव काढत येतात. त्यांचं क्लिनिक, म्हणजे पेशंटच्या खाटेपाशी विद्यार्थ्यांना शिकवायचा तास, बघायला एचओडींनी जोडली ती एक असिस्टंट प्रोफेसर, तिला मॅडम म्हणू. मॅडम त्यांच्याच हाताखाली एमडी झालेल्या. ही जोडी लावताना मॅडमना चालेल का हे कोणी विचारलं नाही, मीही नाही.

क्लिनिक फीमेल वॉर्डात होतं. खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची तिशीतली बाई, सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) पेशंट, पोटात डाव्या बाजूला जडपणा. ती पावरी ही आदिवासी भाषा बोलणारी, सोबत भाऊ, त्याला अहिराणी आणि मोडकं मराठी येत होतं. भोवती आठ विद्यार्थी. सरांनी त्या दिवशी एक फार मोलाची गोष्ट सांगितली, ती मला नंतर विद्यार्थ्यांकडून कळली: पुस्तकात वाचाल की सिकलसेलमध्ये मोठेपणी स्प्लीन (प्लीहा) आक्रसून नाहीशी होते, पण आपल्या भागातल्या पेशंटमध्ये फिटल हिमोग्लोबिन (गर्भात असताना असतं ते) जास्त असतं, त्यांच्यात स्प्लीन मोठ्या वयातही टिकते आणि हाताला लागते, म्हणून पुस्तकावर विसंबून पोट तपासायचं सोडू नका. मग त्यांनी करून दाखवलं. उजव्या इलियाक फोसापासून, म्हणजे ओटीपोटाच्या उजव्या बाजूपासून सुरुवात, पेशंटला लांब श्वास घ्यायला लावायचा, हात स्थिर ठेवायचा, स्प्लीनला हातापाशी येऊ द्यायचं, मग थोडं वर, डाव्या बरगडीच्या दिशेने.

मॅडमनी मार्कांच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. शेऱ्याच्या दोन ओळी पुरल्या नाहीत म्हणून पानाच्या मागे लिहिलं. चाळीस मिनिटांत सर साधारण चौतीस मिनिटं बोलले. एकवीस प्रश्न विचारले. त्यातल्या सतरा प्रश्नांची उत्तरं त्यांनी स्वतःच दिली, बहुतेक वेळा मुलाने तोंड उघडायच्या आत. आठपैकी दोन मुलांनी पोटाला हात लावला, दोघंही पुढे उभे असलेले. शेवटी सगळे पुढच्या खाटेकडे वळल्यावर भाऊ मागून म्हणाला, 'सायेब, इले काय व्हयनं ते तं सांगा.' म्हणजे, हिला काय झालंय ते तर सांगा. कोणी थांबलं नाही.

एवढंच. एकही विशेषण नाही. वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हाच तो खरा फीडबॅक, आपला उपक्रम सार्थकी लागला. आणि त्या आनंदात मी नेहमीसारखी त्याची झेरॉक्स काढून डिपार्टमेंटच्या फाईलला लावायला दिली.

भरीत पार्टी

थंडीत आमच्याकडे भरीत पार्ट्या असतात हे खान्देशाबाहेरच्यांना सांगायला हवं. कोणाच्या तरी शेतात, बामणोदकडची हिरवी लांबट वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, कुटून त्यात मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या. त्या वर्षीची डिपार्टमेंटची पार्टी डिसेंबरमध्ये होती आणि आम्हालाही बोलावलं होतं.

वाढप सुरू झालं तेव्हा एक ज्युनिअर सहकारी हसत म्हणाला, 'सरांचं ताट पहिलं वाढा, नाहीतर सर स्वतःच विचारतील आणि स्वतःच वाढून घेतील.' दोनतीन जण हसले. जे हसले त्यांनी फॉर्म वाचला होता हे कळायला एक सेकंद लागला, आणि सरांना तेवढाही लागला नाही. त्यांनी मॅडमकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग हातातली भाकरी परत ताटात ठेवली, हौदावर जाऊन हात धुतले आणि 'राउंड आहे' म्हणून निघाले. रविवारी संध्याकाळी कसला राउंड.

फाईल चार दिवस डिपार्टमेंटच्या टेबलावर पडून होती. रेसिडेंट येता जाता चाळत होते. मुद्दाम कोणी पसरवलं नाही. पसरवायची गरजच नव्हती.

पुढच्या आठवड्यात सरांनी युनिटला दोन ओळींचं पत्र दिलं की या उपक्रमात यापुढे माझं नाव घेऊ नये. मॅडमना कोणी काही म्हणालं नाही, पण सरांनी त्यांच्याशी पेशंटपलीकडे बोलणं बंद केलं, आणि चहाला त्या बसल्या की टेबलावरचा विषय बदलायला लागला. बाकी डिपार्टमेंटांतून मला एकच वाक्य ऐकू यायला लागलं: तुम्ही पॅराक्लिनिकलवाले (फार्मॅकॉलॉजीसारख्या, पेशंट न बघणाऱ्या विषयांचे), तुम्हाला वॉर्ड काय माहीत.

कोणते पर्याय होते

बंद करून टाकणं सगळ्यात सोपं होतं आणि कोणी विचारलंही नसतं.

दुसरा पर्याय नाव न देता फीडबॅक. हा कागदावर छान वाटतो. पण नऊ जणांच्या डिपार्टमेंटमध्ये त्या दिवशी खाटेपाशी कोण उभं होतं हे वॉर्डबॉयला पण माहीत असतं, मग निनावी कसलं.

विद्यार्थ्यांचा फीडबॅक आम्ही आधीपासून घेतच होतो, मोबाईलवर फॉर्म. इंटर्नल परीक्षेच्या आधी सगळे सर देवमाणूस असतात, मार्क लागल्यावर वेगळं. शिवाय विद्यार्थ्याला त्याला काय मिळालं नाही ते कळत नाही, त्याला वाटतं क्लिनिक असंच असतं. एचओडींनी बघावं असंही एकाने सुचवलं, पण मग ते इन्स्पेक्शन झालं. दुसऱ्या कॉलेजातून माणूस बोलवावा तर परवानगी, प्रवासभत्ता, आणि एक दिवस येऊन गेलेल्या पाहुण्यासमोर सगळेच नटून शिकवतात.

शेवटचा पर्याय, बघणारा सहकारीच ठेवायचा पण बाकी सगळं उलटं करायचं. माझं मन इकडे झुकलं त्याला कारण त्या सोळाव्या फॉर्ममध्येच होतं. फीडबॅक आणि मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जॅक एंडे यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय, फीडबॅक म्हणजे माहिती, मूल्यमापन म्हणजे निकाल. मी स्वतः बेसिक कोर्समध्ये ही स्लाईड दाखवते! आणि तरी फॉर्मवर दहापैकी मार्क छापले होते. मॅडमनी लिहिली ती माहिती होती, मी ती फाईलला लावून तिचा निकाल केला.

काय केलं

आधी माफी. ती मागायला मी अकरा दिवस लावले, कारण मला वाटत होतं की प्रकरण थंड होऊ द्यावं. गेले तेव्हा सर ओपीडीत होते, शेवटचा पेशंट निघाल्यावर मी आत जाऊन सांगितलं की फॉर्म मॅडमनी लिहिला पण तो चार लोकांच्या हातात मी दिला, चूक माझी आहे, तिची नाही. ते बराच वेळ प्रिस्क्रिप्शनचं पॅड सरळ करत बसले. मग म्हणाले, 'आकडे बरोबर आहेत का?' मी म्हणाले, तिने मोबाईलवर वेळ लावली होती. ते म्हणाले, 'ठीक आहे.' पुढे काही नाही. मला तेव्हा वाटलं हे संपलं.

मग नवीन रचना. मार्क काढून टाकले, छापील फॉर्मच काढून टाकला. जोडी ज्याची त्याने निवडायची, दुसऱ्या डिपार्टमेंटचा माणूस चालेल, आणि दोघांनी एकमेकांचं बघायचं, एकतर्फी नाही. ज्याचा तास आहे त्याने आधी एक प्रश्न द्यायचा की माझ्या शिकवण्यात हे बघ, आणि बघणाऱ्याने फक्त त्याच प्रश्नापुरतं जे दिसलं, ऐकू आलं ते लिहायचं. नंतर पंधरा मिनिटं बसायचं, आधी शिकवणारा बोलणार. काय बरं झालं, मग काय बदलता येईल, दोन्ही वेळा तोच आधी. ही पेंडल्टनची जुनी पद्धत, १९८४ ची, इंग्लंडातल्या फॅमिली डॉक्टरांच्या ट्रेनिंगमधून आलेली. लोक तिला कृत्रिम म्हणतात आणि थोडी आहेच, पण आपल्याकडे ज्युनिअरला बोलायला जागा पाहिजे असेल तर सीनिअरने आधी स्वतःचं काढलेलं फार सोयीचं पडतं. लिहिलेला कागद शिकवणाऱ्याकडेच राहणार. युनिटकडे फक्त तारीख आणि दोन सह्या.

यावर युनिटमध्येच वाद झाला. एक सहकारी म्हणाले की मग इन्स्पेक्शनला दाखवणार काय? प्रश्न रास्त होता. दुसरे म्हणाले की शिकवणाराच प्रश्न देणार तर तो सोयीचाच देईल, 'माझं फळ्यावरचं अक्षर बघ' म्हणून. हाही रास्त. आम्ही म्हटलं, देऊ दे.

सोळातले दहा जण दुसऱ्या फेरीला राहिले, पाच जोड्या. मी सर्जरीच्या एका लेक्चररला माझं लेक्चर बघायला बोलावलं. प्रश्न दिला होता की मुलं कधी लक्ष सोडतात ते बघ. तो नंतर म्हणाला, 'मॅडम, उजव्या बाजूच्या बाकांकडे तुम्ही तासभरात दोनदा बघितलं.' कारण काय, तर कूलर डावीकडे आहे, एप्रिलचा महिना, मी आपली तिथेच उभी राहून शिकवते. किती वर्षं हे चालू असेल कोण जाणे.

पुढे काय झालं

दोन जोड्या एकदा बसून थांबल्या, वेळ नाही म्हणून. तीन चालू राहिल्या.

सर मेच्या सुरुवातीला माझ्या केबिनमध्ये आले. म्हणाले, बसायचंय, पण कागद नको. जोडीदार कोण म्हटल्यावर त्यांनी मॅडमचंच नाव घेतलं. मी बघतच राहिले तर म्हणाले, 'बाकीचे मला काय सांगणार, ते मलाच विचारून सांगतील.' मी या वेळी मॅडमना आधी वेगळं विचारलं. त्यांनी दोन दिवस घेतले आणि अट घातली की सरांनीही माझं क्लिनिक बघायचं.

सरांचा प्रश्न होता, मुलं गप्प का बसतात. मॅडमनी त्यांना आधीच सांगितलं की एक गोष्ट करून बघा, प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शाळांमधल्या वर्गांवर हे काम केलंय. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, ते तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पेशंटच्या खाटेपाशी आठ मुलं आपल्याकडे बघत असताना मात्र ते संपता संपत नाहीत.

क्लिनिकमध्ये मॅडमना जे दिसलं ते त्यांनी मला सरांच्या परवानगीने सांगितलं. सरांनी हात पाठीमागे बांधले होते आणि प्रश्न विचारला की अंगठा बोटाच्या पेरांवर सरकवत होते, एक, दोन, तीन, जपमाळ ओढल्यासारखा. पहिल्या प्रश्नाला कोणीच बोललं नाही. दुसऱ्याला मागच्या मुलीने चुकीचं उत्तर दिलं. सरांचा अंगठा थांबला, तोंड उघडलं, आणि मिटलं. तेवढ्यात शेजारच्या मुलाने तिला दुरुस्त केलं. नऊपैकी सहा मुलांनी त्या दिवशी पोटाला हात लावला, आणि एकीने तर सुरुवातच बरगडीखालून केली, म्हणजे मोठी स्प्लीन असती तर हाताला लागलीच नसती. ती चूक सरांना पहिल्यांदा दिसली. दरवर्षी कोणीतरी तसंच करत असणार, पण बोलत असताना ती दिसायची सोय नव्हती.

पण चाळीस मिनिटांचं क्लिनिक पंचावन्न मिनिटं चाललं. पेशंट दमली. दुसरी खाट राहून गेली. सर नंतर म्हणाले, हे सगळं ठीक आहे, मुलांच्या वॉर्डातल्या पोस्टिंगचे आठवडे तेवढेच आहेत, बाकीच्या केसेस कोण दाखवणार? याचं उत्तर मॅडमकडे नव्हतं आणि माझ्याकडे आजही नाही. सध्या ते एक दिवस असं घेतात, एक दिवस जुन्या पद्धतीने.

सरांनी मॅडमचं क्लिनिक बघितलं त्याचं एकच वाक्य मॅडमनी सांगितलं: 'तुम्ही मुलांना बोलू देता, पण शेवटी बरोबर काय ते सांगतच नाही, मुलं गोंधळून जातात.' त्या म्हणाल्या, लागलं, पण खरं होतं.

परत करायचं झालं तर

मार्क आणि झेरॉक्स तर उघडच आहे. मला जास्त टोचतात त्या बाकीच्या गोष्टी.

मॅडमच्या पहिल्या फॉर्ममध्ये सिकलसेलची ती स्प्लीनची गोष्ट नव्हती. त्या क्लिनिकमधलं सगळ्यात चांगलं शिकवणं तेच, आणि ते कागदावर आलंच नाही, कारण मॅडमना ते रोजचं होतं, त्या स्वतः सरांकडूनच ते शिकल्या होत्या. नुसती संख्या मोजली की असं होतं, मोजता येईल ते दिसतं. दुसऱ्या फेरीत आम्ही बघणाऱ्यांना सांगायला लागलो की मुलं वहीत काय लिहून घेतात तेही बघा.

माफीला अकरा दिवस लावायला नको होते. त्या अकरा दिवसांत सगळा भार मॅडमवर पडला, आणि प्रकरण थंड वगैरे काही होत नव्हतं, फक्त माझ्यापर्यंत येत नव्हतं. पार्टीतच, तिथल्या तिथे, मी उठून सरांच्या मागे हौदापर्यंत जायला हवं होतं. सगळ्यांसमोर अवघड झालं असतं. झालं असतं तर झालं असतं.

आणि तो भाऊ. फॉर्मच्या शेवटच्या ओळीवर आमच्या एकाही मीटिंगमध्ये चर्चा झाली नाही, सगळी चर्चा सरांच्या मानापमानावर. खूप नंतर मी मॅडमना विचारलं की त्या दिवशी त्याला कोणी सांगितलं का. त्या म्हणाल्या, क्लिनिक संपल्यावर मी परत गेले होते, अहिराणीत सांगितलं त्याला, अर्धा तास लागला. हे त्यांनी फॉर्मवर लिहिलं नव्हतं.

फाईलमध्ये आता फक्त तारखा आणि सह्या आहेत. मागच्या इन्स्पेक्शनच्या वेळी मी ती काढून टेबलावर ठेवली होती. कोणी उघडली नाही.